पानगळीच्या दिवसांत तब्येत सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण रोज एकत्र चालायला जातो. दर वर्षी दिवस आखूड व्हायला लागले की चालता चालता ठरावीक प्रश्न निघतात. हवा गार झाली, भूक वाढली, अंथरुणातून उठवत नाही, आता काय करायचं? त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. त्यामुळे ज्यांना मधुमेह, हृदयविकार, दमा असं काही आहे त्यांनी इथलं काहीही सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

शरद ऋतू आला की नेमकं काय बदलतं?

सगळ्यात आधी उजेड बदलतो. उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमाराला आणि दक्षिण गोलार्धात २० किंवा २१ मार्चच्या सुमाराला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात. तिथून पुढे रात्र मोठी होत जाते. वर्षभरात दिवस सगळ्यात झपाट्याने आखडतो तो याच काळात. विषुववृत्ताजवळ हे फारसं जाणवत नाही, पण जसजसं लांब जावं तसतसा फरक वाढतो. ५० अक्षांशाच्या आसपास रोज साडेतीन-चार मिनिटं कमी होतात, म्हणजे आठवड्याला जवळपास पंचवीस मिनिटं.

हे सविस्तर सांगायचं कारण असं की या दिवसांत चालणं सुटतं ते बहुतेकांचं आळसामुळे सुटत नाही. संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरलेली असते, महिनाभरात ती वेळ अंधारात जाते, आणि आपण मात्र घड्याळ धरून बसतो. बाहेर काळोख, त्यात गारवा, मग ‘उद्या जाऊ’ सुरू होतं. माझं पहिलं सांगणं हेच की, व्यायामाची वेळ घड्याळावर न ठरवता उजेडावर ठरवा. सकाळी उजाडल्यावर अर्ध्या तासात, किंवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत. दर दोन आठवड्यांनी ती थोडी सरकवावी लागेल, ती सरकवा.

खिडकीशी बसलं तर चालणार नाही का? बाहेरच कशाला जायला हवं?

डोळ्यांना घरातला आणि बाहेरचा उजेड यातला फरक कळत नाही, कारण ते पटकन जुळवून घेतात. मोजला तर फरक प्रचंड आहे. दिवे लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. आभाळ भरून आलेलं असलं तरी बाहेर बहुधा हजाराच्या वर असतो, आणि स्वच्छ दिवशी सावलीतसुद्धा १० हजारांच्या पुढे जातो. शरीराचं घड्याळ या उजेडावर चालतं. सकाळी तो मिळाला की दिवसा तरतरी राहते आणि रात्री झोप वेळेवर येते. म्हणून मळभ असलं तरी बाहेर पडा. वीस मिनिटं पुरेत.

किती व्यायाम केला म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी.

मध्यम जोर कसा ओळखायचा? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. सलग पाच वाक्यं आरामात बोलता येत असतील तर पावलं जरा झपाझप टाका.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजेच दहा हजार पावलांचं मापक. नाव लक्षात राहण्यासारखं होतं, तेच पुढे जगभर ध्येय होऊन बसलं.

अमेरिकेत वयस्कर स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. म्हणजे ज्यांची पावलं आज तीन हजारच होतात त्यांनी दहाकडे बघून खचू नये. आणखी हजार-दीड हजार वाढवली तरी त्यात खूप काही मिळतं. दहा हजार सहज होत असतील तर उत्तमच, कमी करायचं कारण नाही.

नोकरीच बैठी आहे. वेगळा वेळच मिळत नाही. मग?

मग दिवसातल्या दिवसात हालचाल शोधायची. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसमधल्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली होती. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. कंपनी एक, शहर एक, पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिने चढउतार करत. वाहकांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध इतक्या नीट मोजून दाखवणारा हा सुरुवातीचा अभ्यास. मला तो फार आवडतो, कारण त्यातली माणसं व्यायामशाळेत गेलेली नव्हती. ती आपलं काम करत होती.

फोन आला की उठून चालत बोला. दोन मजले असतील तर जिना. पाणी प्यायचा पेला लहान ठेवा, म्हणजे भरायला वारंवार उठावं लागेल. दुपारी जेवल्यावर दहा मिनिटं बाहेर चक्कर, तेवढ्यात उजेडही मिळतो.

पाऊस लागला किंवा बाहेर जाता आलं नाही तर घरात काय करू?

एक खुर्ची पुरेशी आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा जमिनीला पक्क्या, हात छातीवर घडी घालून. थोडं पुढे झुकून उभं राहा. आता खरं काम खाली बसताना आहे. मनात एक, दोन, तीन मोजत सावकाश टेका, धपकन बसू नका. मांडीचा पुढचा भाग भरून आल्यासारखा वाटला पाहिजे. आठ-दहा वेळा करा, मिनिटभर थांबा, असे तीन फेरे. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी हरकत नाही, पंधरा दिवसांत तो आपोआप सुटतो असा माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

त्यानंतर भिंतीला हात लावून दंड, ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहणं, आणि दात घासताना एका पायावर तोल. वीस मिनिटांत सगळं होतं. आठवड्यातून दोनदा केलं की स्नायूंचा वाटा पूर्ण.

गार हवेत चालताना काय जपायचं?

पहिली पाच-सात मिनिटं सावकाश चाला. गार हवेत स्नायू मोकळे व्हायला वेळ लागतो. कपडे एकावर एक पातळ घाला, एक जाड घालण्यापेक्षा ते बरं, कारण दहा मिनिटांत अंग तापलं की एखादा काढता येतो. घामाने भिजलेला सुती कपडा अंगाला चिकटून गार पडतो, म्हणून आतला कपडा पटकन वाळणारा हवा. दमा असेल तर गार, कोरडी हवा श्वासनलिका आवळते. नाकातोंडावर पातळ रुमाल ठेवला तर आत जाणारी हवा जरा उबदार होते. डॉक्टरांनी दिलेलं श्वासाचं औषध खिशात असू द्या.

आणि ओली पानं! मागे एकदा सकाळी सुंदर पिवळ्या पानांचा सडा बघत उतारावरून चालले होते, आणि पाय असा सरकला की पंधरा दिवस मनगट बांधून ठेवावं लागलं. पानांखालचा रस्ता दिसत नाही आणि भिजलेली पानं शेवाळासारखी निसरडी असतात. खोल खाचांचे तळवे असलेले बूट घाला, उतारावर पावलं लहान टाका. अंधारात जावंच लागलं तर चमकणारी पट्टी असलेला कपडा.

पानांचे ढीग कुजायला लागले की त्यात बुरशी वाढते. तिचे कण नाकात गेले की काहींना शिंका, खोकला सुरू होतो. अंगण झाडताना असा त्रास होत असेल तर तोंडावर मास्क लावा.

या दिवसांत सारखं गोड खावंसं वाटतं. हे मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. दिवस लहान झाले की पुष्कळांची भूक वाढते, विशेषतः गोड आणि पिष्टमय खाण्याची. त्यात घरात बसणं वाढलेलं असतं, डबा हाताशी असतो. स्वतःला बोल लावण्यापेक्षा डब्यात काय आहे ते बदलणं सोपं जातं.

साखरेची मर्यादा माहीत असलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी असेल तर आणखी चांगलं. २,००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. बाहेरच्या एखाद्या मोठ्या गोड पेयात याहून जास्त साखर असू शकते. वेष्टनामागचा तक्ता वाचायची सवय लावा.

मग घरी करता येईल असा एखादा खाऊ सांगा.

ओट्स-सफरचंदाच्या वड्या सांगते. आमच्याकडे दर आठवड्याला होतात.

साहित्य: ओट्स २०० ग्रॅम, मध्यम सफरचंदं २, बिया काढलेला खजूर १०० ग्रॅम, अक्रोड ५० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, दालचिनीची पूड १ लहान चमचा, चिमूटभर मीठ.

खजुरावर बुडेल इतकं गरम पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग पाणी बाजूला काढून काट्याने कुस्करा. गुळगुळीत व्हायलाच हवा असं नाही, एखादा तुकडा दाताखाली आला तर छान लागतो. सफरचंदं सालासकट किसा. साल काढू नका, तंतू तिथे भरपूर असतो. किसाला पाणी सुटतं, ते पिळून टाकू नका, ओट्स ते पिऊन घेतात. अक्रोड हातानेच मोडा. सगळं एकत्र कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा. मूठभर मिश्रण दाबलं तर गोळा धरला पाहिजे. सुटत असेल तर खजुराचं बाजूला ठेवलेलं पाणी चमचाभर घाला.

२० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात कागद घालून मिश्रण वाटीच्या बुडाने दाबून बसवा. इथे हयगय केली तर वड्या मोडतात. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून २५ ते ३० मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या आणि घरभर दालचिनीचा वास सुटला की काढा. पूर्ण गार झाल्यावरच कापा. मला अजूनही हा शेवटचा अर्धा तास धीर धरवत नाही, पण गरम कापलेली वडी चुराच होते. सोळा वड्या होतात. माझ्या हिशोबाने एकीत सहा ग्रॅमच्या आसपास साखर येते, सगळी फळांतली. ओलसर असल्याने बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकतात.

दालचिनी चमचाभरच. बाजारात सहज मिळणाऱ्या जातीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं, रोज खूप खाल्लं तर यकृताला त्रास होऊ शकतो.

साखरेऐवजी मध किंवा खजूर घातला म्हणजे कितीही खाता येईल ना?

मध शरीराच्या दृष्टीने साखरच आहे, वरच्या मर्यादेत तो मोजला जातो. खजुरात तंतू असतो, पण वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरही असते. घरी केलेलं म्हणून ते अमर्याद होत नाही. वडी बशीत घ्या, डबा बंद करा, मग खा. डब्यातून थेट खाताना दोनाच्या चार कधी होतात कळत नाही.

एक गोष्ट अगदी महत्त्वाची. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, थेंबभरसुद्धा. त्यातून बॉट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अक्रोड, बदाम अख्खे देऊ नका, घशात अडकतात. पूड करून द्या.

भोपळ्याच्या बिया फेकाव्यात का?

अजिबात नाही. शंभर ग्रॅम बियांत तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय मॅग्नेशियम भरपूर. गर धुऊन काढा, फडक्यावर पसरून रात्रभर वाळू द्या. लहान चमचाभर तेल आणि मीठ चोळून जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. तडतडायला लागल्या की उतरवा, नंतर त्या लगेच कडवट होतात. मूठभर म्हणजे एक वेळचा खाऊ.

भोपळ्याच्या गराचं सूप करताना चमचाभर तेल जरूर घाला. त्यातलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए तयार करतं) शरीरात शोषलं जायला स्निग्धांश लागतो.

तहानच लागत नाही. तरी पाणी प्यायचं?

हो. गारव्यात तहानेची जाणीव मंदावते, पण श्वासातून आणि चालताना घामातून पाणी जातच असतं. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर कमी पडतंय. कोमट पाणी, बिनसाखरेचा चहा, सूप सगळं त्यात धरा.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्या तर सर्दी टळेल?

सर्वसाधारण माणसाची टळत नाही. रोज नियमित घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर बरी होते, इतकंच आढळलं आहे. सर्दी झाल्यावर सुरू करून तोही फायदा ठामपणे दिसलेला नाही. फळं-भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम खाल्ल्या तर गोळीची गरज सहसा पडत नाही.

हात साबणाने वीस सेकंद धुणं, पुरेशी झोप आणि खोलीत वारा खेळता ठेवणं यांचा उपयोग मात्र नक्की होतो. खिडक्या बंद करून सगळे एका खोलीत बसले की विषाणूंचं फावतं. फ्लूची लस घ्यायची असेल तर साथ सुरू व्हायच्या आधी घ्या, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. विषाणू बदलत राहतो, म्हणून लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत. मनाने घेऊ नका.

संध्याकाळ झाली की मन उदास होतं. चालण्याने जाईल?

थोडी मरगळ असेल तर सकाळचा उजेड आणि चालणं यांनी बरंच हलकं वाटतं. पण दर वर्षी याच काळात आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, खूप झोप येत असेल, कशातच रस राहत नसेल, तर तो ऋतुमानानुसार येणारा नैराश्याचा आजार असू शकतो. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यावर उपचार आहेत. १० हजार लक्सच्या खास दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसणं हा त्यातला एक, समुपदेशन आणि औषधंही आहेत. दिवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, डोळ्यांचे काही आजार असतील तर तो चालत नाही. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर वाट बघू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

सर्दी-ताप होऊन खंड पडला. पुन्हा कसं सुरू करू?

ताप असताना, अंग मोडून आलेलं असताना किंवा छातीत कफ भरलेला असताना व्यायाम नको. नुसतं नाक वाहत असेल तर सावकाश चालायला हरकत नाही. ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटल्यावर नेहमीच्या निम्म्या वेळाने सुरू करा. चाळीस मिनिटं चालत असाल तर वीस, तीही सपाट रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर जास्त थकवा नसेल तर पाच मिनिटं वाढवा. चालताना छातीत दुखलं, धडधडलं किंवा नेहमीपेक्षा फार धाप लागली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.